एकोणतिसावा खण

तुमसर रोड स्टेशनाच्या यार्डात चौतीस वर्षं शंटिंग केलेल्या पुंडलिकरावांचं तळहाताएवढं इंजिन ऐकत नाही, ही बातमी गावभर व्हायला दोन दिवस पुरले. बातमी फोडणारं बाहेरचं कोणी नव्हतं, घरचंच माणूस होतं.

"आमचे हे नुसत्या झेंडीवर अख्खी मालगाडी मागं-पुढं करत होते," चंद्रभागाबाई पिठाच्या चक्कीवर रांगेत उभ्या राहून सांगायच्या, "अन् आता पावभराच्या इंजिनानं यायले घाम फोडला बापा."

शंटिंग म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही, त्यांना पुंडलिकराव एका वाक्यात सांगत. "डायव्हर गाडी चालवते. मी डायव्हरले चालवत होतो." त्यात फुशारकी फारशी नव्हती. चिखल्याच्या खाणीतून मँगनीजचे डबे यायचे, गिरण्यांचा तांदूळ भरायचे डबे असायचे. हे डबे सोड, ते जोड, तिसऱ्या लाइनीतले पाचव्या लाइनीत ढकल, असं दिवसभर चालायचं. इंजिनात बसलेल्याला चाळीस डब्यांच्या पलीकडचं काही दिसत नाही. त्याला दिसतो फक्त शंटिंगवाल्याचा हात. हात हळूहळू वर-खाली झाला की माझ्यापासून दूर जा. आडवा हलला की माझ्याकडं ये. एवढ्यावर पुंडलिकरावांनी चौतीस वर्षं काढली आणि एकही चाक रुळाखाली उतरू दिलं नाही. अजूनही गल्लीत कोणी चारचाकी मागं घेऊ लागलं की ते हातातली पिशवी खाली ठेवून हात वर करतात. गाडीवाल्याने पाहिलं नाही तर त्यांना राग येतो.

रिटायर झाल्यावर सहा महिने त्यांनी घरातच शंटिंग केलं. कपाट इकडून तिकडं, पलंग खिडकीकडून भिंतीकडं, पाण्याचा ड्रम अंगणाच्या या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात. शेवटी चंद्रभागाबाईंनी सांगितलं, "गुड्डीचे बाबू, एक तं तुमी घराबाहेर जा, नाई तं मी गुड्डीच्या घरी सानगडीले जातो." मग पुंडलिकराव बाहेर जाऊ लागले, पण बाहेर जाऊन करायचं काय हा प्रश्न होताच. फाटकाजवळच्या पानठेल्यावर पाच वर्षं बसून ते येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे डबे मोजत राहिले.

अशात केशवरावांच्या कुलदीपने त्यांना बोलावलं.

केशवराव तुमसरचे, भाताच्या गिरणीचे मालक. त्यांच्या तांदळाचे डबे यार्डात लावताना पुंडलिकरावांची आणि त्यांची ओळख झाली होती. बाकीचे गिरणीवाले डबे कधी लागतात ते विचारायला यायचे. केशवराव डबे कसे लागतात ते पाहायला यायचे. छत्री घेऊन तासभर उभे. त्यांनी गोदामाच्या वरच्या खोलीत वीस वर्षं खपून चौदा फुटी टेबलावर एक रेल्वे उभी केली होती. टेबलाच्या एका टोकाला तुमसर रोडचं स्टेशन, दुसऱ्या टोकाला खाणीची टेकडी, मधे बऱ्यापैकी चढ. रुळांखाली गिट्टीच्या जागी धानाचं तूस रंगवून चिकटवलेलं. बारा लाल डबे. मागल्या वर्षी त्यांनी बाहेरदेशातून दोन नवी डिजिटल इंजिनं मागवली, खोकं उघडलं, आठ दिवस रात्रंदिवस पुस्तक वाचलं, आणि नवव्या दिवशी त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. उरलं "हां" आणि "न्न", आणि डावा हात.

"काकाजी, बाबा दिवसभर त्या टेबलाकडं पाहात बसतात," कुलदीप म्हणाला. "मले त्यातलं काही कळत नाही. गिरणी पाहू का खेळणं पाहू? तुमी या नं. गाडी फिरली तं त्यायले बरं वाटंल."

"मले रेल्वेतलं सारं समजते," पुंडलिकराव म्हणाले.

हे वाक्य त्यांना नंतर फार महागात पडलं.

पहिला धक्का पुस्तकाने दिला. ते इंग्रजीत आणि आणखी कुठल्याशा भाषेत होतं. कुलदीप गिरणीतून वेळ काढून वर यायचा, मोबाइलवर व्हिडिओ लावायचा, थोडं त्यातून, थोडं पुस्तकातून समजावून सांगायचा. त्याने सांगितलेलं असं, की इंजिनाच्या पोटात नखाएवढी एक पट्टी असते, तिला डीकोडर म्हणतात. तिच्यात कपाटासारखे खण असतात, नंबर घातलेले. प्रत्येक खणात एक आकडा ठेवायचा. आकडा बदलला की इंजिनाचा स्वभाव बदलतो.

"म्हणजे डायव्हर बदलला," पुंडलिकराव म्हणाले.

"तसंच समजा."

पहिल्या खणात इंजिनाचा नंबर. हातातल्या कंट्रोलरवर तो नंबर घेतला तरच इंजिन ऐकतं. तिसऱ्या खणात वेग किती हळू धरायचा, चौथ्यात किती सावकाश थांबायचं. खण उघडायचे तर इंजिन मुख्य रुळावरून उचलून बाजूच्या वीतभर रुळावर एकटं ठेवायचं. त्या तुकड्याला पुंडलिकराव पहिल्याच दिवसापासून शेड म्हणू लागले.

तिसऱ्या-चौथ्या खणाने त्यांची इज्जत राखली. नवं इंजिन बटण दाबताच बेडकासारखं उडी मारायचं आणि थांबताना डबे एकमेकांवर चढायचे. पुंडलिकरावांना ते बघवेना. "भरलेली गाडी अशी निंघत असते का जी? आधी सारे कपलिंग ताणल्या जातात, मंग शेवटचा डबा हलते." त्यांनी तिसऱ्या खणात पंचवीस घातले. मग चौथ्या खणात दोनशे घातले. त्या दिवशी इंजिन थांबायचा हुकूम मिळाल्यावरही खाणीची टेकडी पार करून टेबलावरून निघालं आणि खाली कोंड्याच्या पोत्यात जाऊन पडलं. पोतं होतं म्हणून वाचलं. केशवराव चाकाच्या खुर्चीत हसले, झटक्यानंतर पहिल्यांदा. चौथ्या खणात वीस राहिले. गाडी इतकी सावकाश, इतकी खरी निघाली, की पुंडलिकरावांचे डोळे ओले झाले. कोंड्याची धूळ गेली, असं त्यांनी सांगितलं.

आता ते रोज दहा वाजता सायकलने जाऊ लागले. गेल्यावर आधी रुळांवरचा कोंडा फडक्याने पुसायचा, मग खुर्ची घ्यायची, मग वही काढायची. वही म्हणजे नोकरीतलीच सवय. काय केलं, किती वाजता केलं, सगळं लिहिलेलं पाहिजे. पुंडलिकरावांचा गोंधळ नेमका कुठून सुरू झाला ते त्या वहीत दिसतं.

"मंगळवार. १०.४०. इंजिन बरोबर चाललं. ३.१५. इंजिन उलटं चालून राहिलं. खण २९ पाहिला. ६ होते. ७ केले. बरोबर चाललं."

"बुधवार. १०.३५. इंजिन पुन्हा उलटं. ७ चे ६ केले. बरोबर. ३.२०. पुन्हा उलटं. ६ चे ७."

"गुरुवार. तेच."

एकोणतिसावा खण सगळ्या खणांत वाईट. बाकीच्यांत एकेक गोष्ट, याच्यात पाच-सात गोष्टींची बेरीज कोंबलेली. कुलदीपने व्हिडिओ तीनदा पाहून एवढंच काढलं, की सहा ठेवले तर इंजिन सरळ आणि सात ठेवले तर उलटं. का, ते विचारू नका. कंट्रोलरवर दोन बाण होते, एक वरचा, एक खालचा. वरचा दाबला की इंजिन पुढं जायला पाहिजे.

सकाळी वरचा बाण दाबला की इंजिन दूर जायचं. बरोबर. दुपारी तोच बाण दाबला की इंजिन अंगावर यायचं. चूक. रोज सकाळी सहा बरोबर, रोज दुपारी सात बरोबर. पुंडलिकराव रात्री अंथरुणात आकडे पुटपुटायचे. चंद्रभागाबाईंना वाटलं, हे ब्लडप्रेशरच्या गोळीची वेळ सांगून राहिले.

गिरणीत ज्याला त्याला आपला अंदाज होता. कुलदीप म्हणाला, "अकरा वाजता गिरणीच्या मोटारी सुरू होतात, व्होल्टेज पडते." म्हणून एक दिवस मोटारी दुपारी तीन ते चार बंद ठेवून पाहिल्या. हमाल विड्या ओढत बसले, फरक पडला नाही. गिरणीची वायरिंग पाहणारा मोनू म्हणाला, "दुपारी वरचे टिन तापतात काकाजी. गरमीनं आतला प्रोग्राम पातळ होते."

"पातळ होते?"

"मंग? तूप नाही का होत?"

पुंडलिकरावांना ते पटलं नाही, पण पटत नव्हतं याला काही कारणही त्यांच्याजवळ नव्हतं. त्यांनी इंजिन स्टीलच्या डब्यात बंद करून कुलदीपच्या घरच्या फ्रीजमध्ये ठेवलं, ताकाच्या भांड्याशेजारी. तीन वाजता गार इंजिन काढलं, कोरड्या कपड्याने पुसलं, रुळावर ठेवलं, बाण दाबला. इंजिन गारच्या गार अंगावर आलं.

"उंदीर असंल," चंद्रभागाबाई घरी म्हणाल्या.

"उंदीर खणातला आकडा बदलवंल का वो?"

"तुमाले तरी कुठं समजते कोण बदलवून राहिलं ते?"

पुंडलिकरावांनी ताट पुढं ओढलं. ते जेवले आणि हात धुतले. त्यांना वाटू लागलं, की आपण आयुष्यभर जे केलं तेसुद्धा आपल्याला नीट कळलेलं नव्हतं. आता पकडलो गेलो.

या सगळ्यात केशवराव रोज दुपारी एकच गोष्ट करायचे. इंजिन उलटं चाललं, पुंडलिकराव कपाळाला हात लावून बसले, की ते डावा हात उचलायचे आणि पुंडलिकरावांच्या खुर्चीकडं बोट दाखवायचे. पहिल्या दिवशी पुंडलिकराव उठून म्हणाले, "बसता का मालक खुर्चीवर?" केशवराव "न्न" म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांना वाटलं चहा पाहिजे. चहा आला. "न्न." तिसऱ्या दिवशी कुलदीपला बोलावलं, त्याने त्यांना बाथरूमला नेलं. परत आल्यावर त्यांनी पुन्हा खुर्ची दाखवली आणि रागाने चाकावर हात आपटला.

कुलदीपला ते बघवेना. शुक्रवारी तो पुंडलिकरावांना जिन्यात घेऊन गेला.

"काकाजी, राग नका मानू. पण बाबाले याचा तरासच होऊन राहिला. काल रात्री झोपले नाहीत. डॉक्टर म्हणते, चिडू देऊ नका. नागपूरचा एक माणूस आहे, असल्या रेल्वेचाच शौकीन. टेबलासकट सारं न्यायले तयार आहे. त्याच्या घरी निदान चालंल तरी."

पुंडलिकराव जिन्याचा कठडा धरून उभे राहिले. खालून गिरणीचा आवाज येत होता. त्यांना आधी आठवलं ते टेबल नाही, पानठेला आठवला. पाच वर्षांचं ते बाकडं आणि त्यावर बसून मोजलेले डबे.

"कधी येते तो?"

"सोमवारी."

"रविवारपर्यंत दे मले. बारा डबे, दोन इंजिनं लावून, स्टेशनावरून खाणीवर चढवून दाखवतो. नाही चढले तं मीच बांधून देतो त्याले."

"दोन इंजिनं? एक ऐकून नाही राहिलं, काकाजी."

"बारा डबे चढावर एकाच्या बापाच्यानं ओढत नाहीत. दुसरं लावाच लागते. तिरोडीच्या लाइनीवर आमी असंच लावत होतो." हे सांगताना त्यांचा आवाज कसा निघाला कोण जाणे, कुलदीपने मान हलवली. रविवारी आपली बहीण रिताताई येणारच आहे गोंदियाहून, ती पण पाहील, असं म्हणून तो खाली गेला.

दोन इंजिनांची युक्ती पुस्तकातच होती. दोघांच्या पहिल्या खणात एकच नंबर ठेवायचा, म्हणजे एका हुकमावर दोघं चालतात. शनिवारी सकाळी पुंडलिकरावांनी पहिलं इंजिन शेडमध्ये घेतलं. नंबर तीन. तिसरा खण पंचवीस, चौथा वीस. एकोणतिसाव्यात सहा. रुळावर ठेवून वरचा बाण दाबला. इंजिन दूर गेलं. छान. इंजिन पुसून खोक्यात ठेवलं.

दुपारी जेवून दुसरं घेतलं. नंबर तीन, पंचवीस, वीस, सहा. रुळावर पहिल्यासारखंच, नाक खाणीकडं करून ठेवलं. बाण दाबला. इंजिन अंगावर आलं. ते दमले नाहीत, आता त्यांना हे अपेक्षितच होतं. एकोणतिसाव्यात सात घातले. इंजिन दूर गेलं. वहीत त्यांनी मोठ्या अक्षरात लिहिलं, "दोन्ही इंजिनं तपासली. दोन्ही बरोबर."

केशवरावांनी बोट दाखवलं. पुंडलिकराव म्हणाले, "उद्या मालक, उद्या." आणि वही मिटली.

रविवारी अकराला माणसं जमली. रिताताई डबा भरून अनरसे घेऊन आली होती. मोनू फुकटचा आला होता. चंद्रभागाबाई इस्त्रीचं लुगडं नेसून आल्या होत्या आणि आल्याबरोबर म्हणाल्या, "एवढंसंच का? मले वाटलं बसता येत असंल." केशवरावांची खुर्ची टेबलाच्या मधोमध भिंतीला लावली होती. पुंडलिकराव आपली खुर्ची घेऊन स्टेशनाच्या टोकाला बसले. दोन्ही इंजिनं एकामागं एक, नाकं खाणीकडं, मागं बारा लाल डबे. त्यांनी शर्टाच्या खिशातली जुनी शिट्टी काढली, लाज वाटून परत ठेवली, मग काढलीच आणि हळू वाजवली. वरचा बाण.

दोन्ही इंजिनांचे दिवे लागले. चाकं फिरू लागली. गाडी हलली नाही.

वेग वाढवला. चाकं जोरात फिरू लागली, रुळांवर घासून बारीक चुरचुर यायला लागली, मधलं कपलिंग ताणलं आणि थरथरलं. गाडी जागच्या जागी. पुढचं इंजिन जीव खाऊन खाणीकडं ओढत होतं. मागचं तेवढाच जीव खाऊन स्टेशनाकडं. जसे दोन जावई एकाच सासऱ्याला आपापल्या गावी न्यायला आले असावेत.

"काकाजी, भांडण लागलं वाटते यायचं," मोनू म्हणाला.

चंद्रभागाबाई अनरशांच्या डब्याचं झाकण लावू लागल्या. ते त्यांच्या बोलण्याहून वाईट होतं.

पुंडलिकरावांनी गाडी बंद केली, पुन्हा सुरू केली. वही उघडली. दोन्ही बरोबर, असंच लिहिलं होतं, त्यांच्याच अक्षरात, वेळेसकट. दोन बरोबर मिळून एक चूक कसं होतं हे त्यांना कळेना. चौतीस वर्षांत दोन इंजिनं अशी एकमेकांशी भांडलेली त्यांनी पाहिली नव्हती. खरं म्हणजे पाहिली असती तर काय केलं असतं, हे त्यांना ठाऊक होतं, पण या क्षणी आठवत नव्हतं. 

"राहू द्या काकाजी," कुलदीप हळूच म्हणाला. "तुमी खूप केलं."

तेव्हा केशवरावांनी हात उचलला. खुर्चीकडं बोट.

"आता पुन्हा खुर्ची!" कुलदीप म्हणाला. "बाबा, काय पायजे तुमाले?"

"न्न." बोट खुर्चीवरून खाली आलं. फरशीकडं. मग तो हात टेबलाच्या लांबीने सावकाश दुसऱ्या टोकाकडं गेला आणि तिथल्या फरशीवर थांबला.

रिताताई गेले महिनाभर इथे नव्हती, म्हणून तिला ते दिसलं. "हे कायचे निशान आहेत?" तिने वाकून विचारलं. फरशीवर कोंड्याची धूळ होती. त्या धुळीत स्टेशनाच्या टोकाला खुर्चीच्या चार पायांचे ठसे होते. खाणीच्या टोकाला तसेच चार. "खुर्ची तिकडंबी नेता का काका तुमी?"

"दुपारी नेतो नं. इकडल्या खिडकीतून ऊन येते, कंट्रोलरचे आकडे दिसत नाहीत. मंग तिकडं..."

सहावर इंजिन सकाळी काय, दुपारी काय, खाणीकडंच जात होतं; दुपारी फक्त खाणीच्या टोकाला ते स्वतः बसलेले असायचे.

हे इतके दिवस कोणाच्या लक्षात कसं आलं नाही, असं वाचणाऱ्याला वाटेल. पुंडलिकरावांच्या तर लक्षात येण्याचं कारणच नव्हतं. शंटिंगवाल्याला बसायला जागा नसते. डबे जिथं तिथं तो. आज या टोकाला, घटकाभराने त्या टोकाला, आणि हात नेहमी त्याच्या स्वतःच्या अंगापासून बोलतो. माझ्यापासून दूर. माझ्याकडं ये. वर-खाली म्हणजे दूर. वरचा बाण म्हणजेही दूर, आणखी काय? ज्या माणसाची जागाच कधी ठरलेली नव्हती, त्याला आपण जागा बदलली हे कळणार कसं?

त्यांनी केशवरावांच्या हाताकडं पाहिलं. तो अजून तसाच हवेत होता. इतके दिवस त्यांनी तो आजारी माणसाचा हात म्हणून पाहिला होता. चहा, खुर्ची, बाथरूम. इशारा म्हणून पाहिलाच नव्हता. चौतीस वर्षं लोकांनी त्यांचा हात वाचला, आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा त्यांनी चहा आणवला.

"मालक," ते म्हणाले, "मी आंधळा आहो जी."

"हां," केशवराव म्हणाले.

मोनू हसला. मग सगळेच हसले.

कुलदीप मोबाइल काढून म्हणाला, "मंग मागच्याचा खण पुन्हा बदलवावा लागंल. सात होते का सहा? सकाळचे कोणते होते? थांबा, व्हिडिओ..."

"मोबाइल ठेव," पुंडलिकराव म्हणाले. आत्ता त्यांना ते आठवलं, जे मघाशी आठवत नव्हतं. सहा-सातचं त्यांना अजूनही धड कळलं नव्हतं, आणि आणखी एकदा तो खण उघडायची त्यांची छाती नव्हती. पण भांडणाऱ्या इंजिनाचं काय करायचं, ते त्यांना कोणी शिकवायला नको होतं. ते उठले. मागच्या इंजिनाचं कपलिंग दोन्हीकडून सोडलं, त्याला दोन बोटांत उचललं, हवेतच फिरवलं, आणि शेपूट खाणीकडं, नाक स्टेशनाकडं असं रुळावर ठेवून पुन्हा जोडलं.

"अबे, पण सेटिंग तं चुकीचंच राहिलं नं?" कुलदीप स्वतःशीच म्हणाला.

"सेटिंगबी उलटं, इंजिनबी उलटं. आता मधात मी आहो तेवढा सरळ राहिलो म्हणजे झालं."

ते खुर्चीवर बसले. स्टेशनाच्या टोकाला. मग काहीतरी मनात येऊन पुन्हा उठले, आणि केशवरावांची चाकाची खुर्ची ढकलत आपल्या शेजारी, त्याच टोकाला आणून लावली. कंट्रोलर हातात घेतला आणि बाण न दाबता केशवरावांकडं पाहात राहिले. डायव्हर यार्डात पाहतो तसे.

केशवरावांना समजायला क्षण लागला. मग त्यांचा डावा हात वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला. हळू. तासभर छत्री घेऊन पाहिलेलं होतं त्यांनी, चूक होणार नव्हती.

पुंडलिकरावांनी बाण दाबला.

आधी पुढचं इंजिन ताणलं, मग मागचं. कपलिंगं एकेक करून टिकटिक वाजली, पहिला डबा, दुसरा, पाचवा, आणि सगळ्यात शेवटी बारावा हलला. गाडी चढावर लागली. चढाच्या मध्यावर चाकं थोडी घसरली, चंद्रभागाबाईंनी रिताताईचा हात धरला, आणि मग गाडी टेकडीमागं गेली. हात अजून वर-खाली होत होता. थांबवायचा इशारा द्यायचं केशवराव विसरले आणि गाडी काठाशी पोचेपर्यंत पुंडलिकरावांनी आपल्या मनाने थांबवली नाही. चौथ्या खणात दोनशे नव्हते, वीस होते, म्हणून थोडक्यात वाचलं. पुढचं इंजिन टेबलाच्या काठापासून चार बोटांवर उभं राहिलं.

अनरसे फिरले. कुलदीप जिन्यात उभा राहून फोनवर बोलत होता. "नाही जी, उद्या नका येऊ. नाही, चालून राहिली नं आता. बाबा देत नाहीत." मग आत येऊन त्याने मोनूला गोदामातून दोन बारदाने, म्हणजे रिकामी पोती, आणायला पाठवलं आणि पश्चिमेच्या खिडकीवर खिळे ठोकून लावले. खोलीत थोडा अंधार झाला. कंट्रोलरचे आकडे स्वच्छ दिसू लागले. पुंडलिकरावांनी खडू मागून घेतला आणि खुर्चीच्या चारी पायांभोवती फरशीवर गोल काढले.

घरी जाताना ते सायकल हातात धरून चालत होते, शेजारी चंद्रभागाबाई. फाटक बंद होतं. मालगाडी जात होती.

"समजलं का मंग सारं?" चंद्रभागाबाईंनी विचारलं.

"समजलं."

"काय समजलं?"

पुंडलिकराव विचार करू लागले. सहा म्हणजे सरळ. पण कोणासाठी सरळ? इंजिनासाठी, का पाहणाऱ्यासाठी? मागचं इंजिन सात आणि उलटं, म्हणजे सरळ. मग पुढचं सहा आणि सरळ, तेही सरळ. आणि आपण त्या टोकाला बसलो असतो तर दोन्ही... नाही, तेव्हा दोन्ही अंगावर आली असती, पण ती चूक नसती... का असती? मालगाडीचा शेवटचा डबा गेला, फाटक उघडलं, मागच्या मोटारसायकलवाल्याने हॉर्न मारला.

"खिडकीवरचा बारदाना काढायचा नाही," ते म्हणाले, आणि सायकल ढकलली.